साकुरा बघायचाय? तारीख नको, झाड धरा

टोकियोतल्या यासुकुनी देवळाच्या आवारात साकुराचं एक झाड आहे. मार्च अर्धा उलटला, की हवामान खात्याचा माणूस त्याच्याखाली येऊन उभा राहतो आणि मान वर करून उमललेली फुलं मोजतो. पाच-सहा फुलं पुरती उमललेली दिसली, की जमलेल्या वार्ताहरांना तो सांगतो, टोकियोत साकुरा फुलला. टीव्हीवर हे थेट दाखवतात. पुढे झाडावरच्या ऐंशी टक्के कळ्या उमलल्या, की पूर्ण बहर जाहीर होतो. तो साधारण आठवडाभराने. त्यानंतरच्या आठवड्यात पाकळ्या गळायला लागतात आणि वारा-पाऊस आला, तर दोन दिवसांत झाड मोकळं होतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. दापोलीला शेतकी शिकले आणि पुढचं सगळं आयुष्य आंब्याची कलमं बांधण्यात गेलं. मोहोर येतो की नाही, आलेला टिकतो की नाही, या काळजीत आमचा हिवाळा सरतो. त्यामुळे पाच फुलांसाठी अख्खं शहर खोळंबून राहतं, हे मला जराही परकं वाटलं नाही. मुलगा आणि सून टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कसाईला राहतात. तिथे मराठी घरं बरीच आहेत. त्यांच्याकडे वसंतात माझं जाणं होऊ लागलं, तसे गावाकडचे, नात्यातले लोक विचारू लागले, "ताई, साकुरासाठी कितवी तारीख धरू?" त्यांना मी जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते. तारीख धरू नका, झाड धरा. कोणत्या जातीचं झाड, किती उत्तरेला, किती उंचावर, एवढं आधी ठरवा. मग फुलं हुकण्याची भीती पुष्कळच कमी होते.

आपण फोटोत बघतो तो फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरा साकुरा बहुतेक वेळा एकाच जातीचा असतो. तिचं नाव सोमेई योशिनो. टोकियोच्या आजच्या कोमागोमे भागात पूर्वी सोमेई नावाचं माळ्यांचं गाव होतं. एदो काळाच्या अखेरीस तिथल्या रोपवाटिकांमधून ही जात बाहेर पडली. एदोहिगान आणि ओशिमा या दोन जातींचा हा संकर. पालवी फुटायच्या आधी उघड्या फांदीवर नुसती फुलंच फुलं येतात आणि झाड वाढतंही भराभर. म्हणून मेइजी काळापासून शाळा, नदीकाठ, जुने किल्ले, सगळीकडे हीच लावत गेले.

आता यातली मुख्य गोष्ट. ही झाडं बी पेरून होत नाहीत, सगळी कलमं आहेत. हापूसची बाठ रुजवून हापूस मिळेलच असं नाही, हापूसचीच काडी खुंटावर बांधावी लागते, तसंच हे. जपानभर पसरलेली सोमेई योशिनोची असंख्य झाडं म्हणजे मुळात एकच झाड. म्हणून एका रस्त्यावरची शंभर झाडं एकदम फुलतात आणि एकदमच रिकामी होतात. डोळ्यांचं पारणं फिटतं ते त्या कलमामुळे, आणि प्रवाशाची पंचाईत होते तीही त्याच कलमामुळे.

या झाडाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसतात आणि हिवाळाभर झोपतात. ती झोप मोडायला सणसणीत थंडी लागते आणि मोडल्यावर फुलायला ऊब लागते. जपानात एक ठोकताळा आहे. १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत जायची. ती ६०० अंशांच्या आसपास पोचली, की साकुरा फुलतो. माझ्या सुनेने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजचा आकडा मांडायला सुरुवात केली, आणि बेरीज सहाशेच्या उंबरठ्यावर आली त्याच आठवड्यात यासुकुनीचं झाड फुलल्याची बातमी आली. अंदाज वर्तवायचं काम आता तिथल्या खासगी हवामान कंपन्या करतात आणि ते अंदाज जानेवारीपासून सुधारत जातात. पण मुंबईहून येणाऱ्याला विमानाचं तिकीट त्याच्या कितीतरी आधी काढावं लागतं. टोकियोत सरासरीने २४ मार्चला फुलायला सुरुवात होते आणि ३१ मार्चला पूर्ण बहर येतो. तरी यात आठवड्याचा फरक सहज पडतो, आणि तो अलीकडे जास्त करून लवकरच्या बाजूलाच पडतो.

क्योतोची नोंद तर थक्क करणारी आहे. यासुयुकी आओनो या संशोधकाने दरबारी लोकांच्या, भिक्षूंच्या जुन्या रोजनिश्या चाळून नवव्या शतकापासूनच्या बहराच्या तारखा गोळा केल्या. त्या यादीत २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या सगळ्या नोंदींपेक्षा लवकर. त्याआधीचा विक्रम १४०९ मधला होता, २७ मार्चचा. हवा तापते आहे, हे सांगणारा बाराशे वर्षांचा एवढा लांब पुरावा फुलांनी ठेवला आहे. मोहोराचं वेळापत्रक बिघडताना बघणाऱ्या आम्हा कोकणातल्या माणसांना तो वाचताना काळजात चर्र होतं.

मार्चअखेर टोकियोत असाल, तर राजवाड्याच्या खंदकाकाठच्या चिदोरिगाफुचीला जा. खंदकावर दोन्हीकडून फांद्या पार पाण्यापर्यंत झुकलेल्या असतात आणि खाली भाड्याच्या होड्या फिरतात. होडीची रांग मोठी असते. काठावरच्या सातशे मीटरांच्या वाटेवरूनही सगळं दिसतं. सकाळी आठच्या आत गेलात, तर निवांत चालता येईल. पण टोकियोत एकच ठिकाण बघायला वेळ असेल, तर मी शिंजुकू ग्योएनला पाठवते. ही जुनी शाही बाग १९४९ मध्ये लोकांसाठी उघडली. तिथे साकुराच्या साठ-सत्तर जाती आहेत. काही फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात, मग सोमेई योशिनो येते, आणि ती गळून गेल्यावर एप्रिलच्या मध्यानंतर दुहेरी पाकळ्यांच्या इचियो आणि कानझान फुलतात. कानझानचं फूल मुठीत धरावंसं भरगच्च, पाकळ्या वीसहून जास्त, रंग गडद गुलाबी. तुमची तारीख दहा दिवस पुढे-मागे झाली, तरी या बागेतून रिकाम्या डोळ्यांनी परतायची वेळ येत नाही. बऱ्याच झाडांच्या बुंध्याशी कलमाचा सांधा ओळखू येतो. मी तो बघत हिंडते आणि सून माझी वाट बघत बसते. बागेत दारूला बंदी आहे, त्यामुळे मुलंबाळं घेऊन बसायला ही जागा फार चांगली.

झाडाखाली बसून खायचं-प्यायचं, गप्पा मारायच्या, ही हानामीची रीत दरबारातून सुरू झाली. सम्राट सागा याने ८१२ मध्ये क्योतोत फुलांची मेजवानी दिल्याची नोंद आहे. सामान्य माणसाला ती मिळाली ती पुष्कळ नंतर. १७२०च्या सुमारास शोगुन योशिमुने याने टोकियोच्या उत्तरेला आसुकायामा टेकडीवर साकुराची झाडं लावून घेतली आणि पुढे ती जागा लोकांना फिरायला मोकळी केली. ओजी स्टेशनला लागूनच ती टेकडी आहे, आजही तिथे शेजारीपाजारी डबे घेऊन येतात. आमच्या एदोगावातली मराठी मंडळी अराकावा नदीकाठी कोमात्सुगावाला जमतात. निळ्या ताडपत्रीवर थालीपीठं, दाण्याची चटणी, दहीभात. एका वर्षी शेजारच्या ताडपत्रीवरच्या आजींनी आम्हाला साकुरामोची दिली. आत लाल अडझुकी बियांचं गोड पुरण, वरून गुलाबी आवरण आणि त्याभोवती मिठात मुरवलेलं साकुराचं पान. टोकियोकडे ते आवरण पातळ धिरड्याचं असतं, क्योतो-ओसाकाकडे चिकट तांदळाच्या रव्याचं. पान ओशिमा जातीचं वापरतात, ते मुरलं की त्याला मंद गोड वास सुटतो. पान सोलून टाकू नका, त्यासकट खा. शाकाहारी माणसाला जपानात निर्धास्त खाता येईल अशा गोडांपैकी हे एक.

क्योतोविषयी मी थोडक्यातच सांगते, कारण तिकडे सगळेच जातात. तत्त्वज्ञाची वाट, मारुयामा बागेतला लोंबत्या फांद्यांचा साकुरा, आराशियामा ही नावं तुम्हाला कुठल्याही सहलीच्या पत्रकात मिळतील. गर्दी प्रचंड असते. उशीर झालेल्यांसाठी मात्र निन्नाजी देऊळ लक्षात ठेवा. तिथली ओमुरो जातीची दोनेकशे झाडं जेमतेम दोन-तीन मीटर उंचीची. फुलं अगदी आपल्या तोंडासमोर येतात. मुळांना खाली घट्ट चिकणमाती लागते, म्हणून झाड खुजं राहतं, असं मानतात. ती क्योतोत सगळ्यांच्या शेवटी, एप्रिलच्या मध्यानंतर फुलतात. त्याच सुमारास ओसाकाच्या टांकसाळीच्या आवारातली साकुराची वाट आठवडाभर लोकांना खुली करतात. ही रीत १८८३ पासून आहे. आता मात्र आधी नोंदणी करून जावं लागतं.

माझं मन जडलं ते योशिनोच्या डोंगरावर. हा नारा प्रांतात आहे. ओसाकाच्या आबेनोबाशी स्टेशनवरून सुमारे सव्वा तास लागतो. सुमारे ३०,००० झाडं, आणि बहुतेक शिरोयामाझाकुरा, म्हणजे डोंगरातला रानसाकुरा. सोमेईच्या माळ्यांनी आपलं कलम सुरुवातीला योशिनोच्याच नावावर विकलं, इतका या डोंगराचा लौकिक होता. नावांचा घोळ व्हायला लागला, तेव्हा १९०० साली त्या कलमाला सोमेई योशिनो हे वेगळं नाव मिळालं.

इथली झाडं कोणी शोभेसाठी लावली नाहीत. सातव्या शतकातल्या एन नो ग्योजा या तपस्व्याला इथे झाओ गोंगेन देवाचं दर्शन झालं आणि त्याने ती मूर्ती साकुराच्या लाकडात कोरली, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून झाड पवित्र ठरलं. भाविक रोपं वाहत गेले, तोडायला कोणी धजावलं नाही, आणि डोंगर भरत गेला. त्या देवाचं किनपुसेनजी हे देऊळ अजून तिथे आहे, डोंगराचा परिसर २००४ पासून जागतिक वारशात आहे. १५९४ मध्ये जपानचा त्या काळचा सत्ताधीश हिदेयोशी पाच हजार माणसांचा लवाजमा घेऊन इथे फुलं बघायला आला होता, असं सांगतात.

इथला साकुरा बीपासून वाढतो, त्यामुळे दोन झाडं सारखी नाहीत. एक शुभ्र, शेजारचं किंचित गुलाबी. एक आज फुललेलं, पलीकडचं चार दिवसांनी फुलणारं. फुलाबरोबर तांबूस पालवीही येते. लांबून बघितलं, तर उतारावर पांढरा, गुलाबी, तांबूस आणि सूचिपर्णी झाडांचा काळसर हिरवा असे रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. आणि डोंगर चढता असल्यामुळे बहर खालून वर सरकत जातो. खालचा, मधला, वरचा आणि अगदी आतला, असे चार टप्पे तिथे मानतात, प्रत्येकाला हजार झाडांचा असं म्हणतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खालचा टप्पा फुललेला असतो, आतला टप्पा फुलेपर्यंत एप्रिल उतरणीला लागतो. म्हणजे मधल्या दोन-तीन आठवड्यांत कधीही गेलात, तरी डोंगरावर कुठे ना कुठे बहर सापडतोच. चालायची तयारी हवी. आम्ही मधल्या टप्प्यावरून वर हानायागुरापर्यंत चढलो. तिथून मागे वळून बघितलं, की देवळाचं छप्पर आणि पायथ्यापर्यंतचे सगळे टप्पे एका नजरेत येतात. गुडघे दुखत असतील, तर हंगामात मधल्या टप्प्यापर्यंत बस असते. वाटेत कुझू नावाच्या वेलीच्या मुळांच्या सत्त्वापासून केलेल्या वड्या मिळतात, त्या घ्या. पानात गुंडाळलेली सुशी मात्र माशाची असते.

दुसरं ठिकाण हिरोसाकी. उत्तरेला आओमोरी प्रांतात, टोकियोहून बुलेट ट्रेनने सव्वातीन-साडेतीन तासांत शिन-आओमोरी आणि पुढे साध्या गाडीने पाऊण तास. किल्ल्याच्या आवारात २,६०० झाडं, पन्नासेक जाती. पण संख्या सोडा. सोमेई योशिनो साठ-सत्तर वर्षांत म्हातारी होते, असं सगळीकडे धरून चालतात. हिरोसाकीत मात्र शंभरी ओलांडलेली तीनशेहून जास्त झाडं उभी आहेत, १८८२ मध्ये लावलेलं झाडही अजून फुलतं आहे. आणि फुलंही जास्त. इतरत्र एका कळीतून तीन-चार फुलं निघतात, इथे चार-पाच, कधी त्याहूनही अधिक. फांदी दिसेनाशी होते.

याचं कारण सफरचंद. जपानातली निम्म्याहून अधिक सफरचंदं आओमोरीत होतात आणि सफरचंदाच्या बागायतदाराच्या हातात कात्री असतेच. जपानात जुनी समजूत अशी, की साकुरा छाटणारा मूर्ख. कारण कापलेल्या जागी बुरशी शिरते आणि झाड कुजतं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हिरोसाकीच्या बागेतल्या लोकांनी सफरचंदाची छाटणी साकुरावर करून बघितली. म्हातारी झाडं नव्याने फुटली.

तिथल्या एका माळीदादांना मी मुलामार्फत गाठलं. त्यांनी मला छाटलेली फांदी जवळ नेऊन दाखवली. खोडाला मिळते तिथे फांदीभोवती जी जाडसर वळी असते, तिला धक्का न लावता, तिच्या अगदी लगत काप घेतलेला. खुंटी उरलेली नाही, साल फाटलेली नाही. वर मलम लावलेलं, आणि कडेने नवी साल गोल फिरत आत येत होती. हे काम हिवाळ्यात, बर्फ असताना करतात. मी विचारलं, "तुम्ही बोर्डो वापरता का?" मुलाला भाषांतर करावंच लागलं नाही, सफरचंदाच्या बागेतही तेच बुरशीनाशक वापरतात. मग आम्ही दोघं खत, मुळं आणि बुरशी यांवर बोलत राहिलो. म्हाताऱ्या झाडाच्या पोखरलेल्या खोडात वरून नवी मुळं सुटून खाली मातीत उतरतात, ती जपली तर झाड पुन्हा उभारी धरतं, हेही त्यांनी दाखवलं. बहर ओसरताना खंदकाचं पाणी पाकळ्यांनी पूर्ण झाकून जातं आणि त्यासाठी वेगळी गर्दी होते. मला त्या छाटलेल्या फांदीचाच फोटो जास्त प्रिय आहे.

झाडांची काळजी वाटावी अशी स्थिती आहेच. महायुद्धानंतर एकदम लावलेली सोमेई योशिनो आता एकदम थकली आहेत. त्यात २०१२ मध्ये आयची प्रांतात लाल मानेचा एक परदेशी भुंगेरा सापडला. त्याची अळी खोड आतून पोखरते आणि बुंध्याशी भुसा पडतो. आमच्याकडे आंब्यात भिरूड लागतं, तोच प्रकार. बरीच शहरं आता मेलेल्या झाडाच्या जागी जिंदाई आकेबोनो ही दुसरी जात लावतात. तुमच्याकडून एवढंच व्हावं : फोटोसाठी फांदी वाकवू नका, हलवू नका आणि मुळांवर उभं राहू नका. माती दाबली गेली, की झाड गुदमरतं.

एकट्या झाडासाठी प्रवास करायची हौस असेल, तर फुकुशिमातल्या मिहारूला जा. कोरियामापर्यंत बुलेट ट्रेन, पुढे छोटी गाडी आणि हंगामातली बस. लोंबत्या फांद्यांचं हे झाड हजार वर्षांहून जुनं मानतात, १९२२ पासून राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक आहे. उतारावर एकटंच उभं आहे आणि एप्रिलच्या मध्याला फुलतं. फांद्यांना खालून लाकडी टेकू दिले आहेत. भोवती फिरून चहूबाजूंनी बघता येतं.

आणि आता आपल्याकडच्या घरांचा खरा प्रश्न. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, मगच निघता येतं. तोवर टोकियो आणि क्योतोचा साकुरा गेलेला असतो. अशांनी हिरमुसून बेत रद्द करू नये. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात हिरोसाकी किंवा काकुनोदाते गाठावं. काकुनोदातेत सामुराईंच्या जुन्या वाड्यांच्या काळ्या कुंपणांवरून लोंबता साकुरा खाली येतो, आणि हिनोकिनाई नदीच्या काठी दोन किलोमीटर सोमेई योशिनोची रांग आहे. उत्तरेतही बहर हल्ली आधी येतो, तेव्हा महिनाअखेर असेल तर आणखी वर सरका. समुद्राखालच्या सेइकान बोगद्यातून बुलेट ट्रेन होक्काइदोला जाते. हाकोदातेतला गोर्योकाकु हा चांदणीच्या आकाराचा किल्ला. शेजारच्या मनोऱ्यावरून फुलांनी काढलेली ती चांदणी पूर्ण दिसते. फक्त २९ एप्रिल ते ५ मे हा जपान्यांचा सुट्टीचा आठवडा असतो, खोल्या मिळत नाहीत. त्या दिवसांत जायचं तर खोली आधीच धरून ठेवा. आणि गरम कपडे घ्या, सकाळी चांगलीच थंडी असते.

मे उजाडला तरी हुकमी ठिकाण म्हणजे मात्सुमाए. होक्काइदोच्या दक्षिण टोकाला किल्ल्याभोवतीच्या बागेत २५० जाती, दहा हजार झाडं. लवकरच्या, मधल्या, उशिराच्या जाती मुद्दाम अशा लावल्या आहेत, की एप्रिलअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत काही ना काही फुललेलं असतं. यातलं बरंच श्रेय मासातोशी आसारी या शाळामास्तरांचं. त्यांनी संकर करून, निवड करून साकुराच्या शंभराहून जास्त नव्या जाती तयार केल्या. त्यांच्या जाती १९९३ मध्ये इंग्लंडच्या विंडसरच्या राजउद्यानातही गेल्या. रोपवाटिकेतल्या माणसाला यापरतं तीर्थ नाही. हाकोदातेला मुक्काम ठेवून मात्सुमाएला अख्खा दिवस द्या. किकोनाईपर्यंत रेल्वेने या, पुढे बसला दीड तास लागतो आणि फेऱ्या मोजक्याच आहेत, तेव्हा परतीच्या बसची वेळ उतरल्याबरोबर बघून ठेवा.